चार मिनिटांचं ऑइल

माझ्या दुकानात येणाऱ्या माणसाला मी आधी एकच विचारते: गाडी किती वेळ पळणार? किती जोरात ते नाही, किती वेळ. बाप्ये लगेच हिरमुसतात. त्यांना हॉर्सपॉवर सांगायची असते. बायकोला समुद्रावर कॉफी प्यायला नेण्यापलीकडे ज्याची गाडी काही करत नाही, तोही छाती फुगवून शर्यतीचं सिंथेटिक ऑइल मागतो. मी म्हणते, "दादा, गाडीच्या पुस्तकात जो नंबर लिहिलाय तोच घाला. हे जाड घातलंत तर थंडीत रोज सकाळी इंजिन तुमच्या नावानं खडे फोडेल." काही ऐकतात. काही पलीकडच्या गल्लीत जातात, तिथे मागेल ते मिळतं.

एकतीस वर्षं झाली मला ग्रीसमधल्या या वोलोस गावात हे दुकान चालवून. पुढे माझं ऑइलचं दुकान, मागे अस्तेरिसचं गॅरेज, मध्ये एक दार, आणि वरच्या मजल्यावर आमचं घर. अस्तेरिस माझा नवरा. डोंगरावरच्या चढाईच्या शर्यतीत या गावातल्या निम्म्या गाड्या त्याच्या हातच्या इंजिनांवर धावतात. इंजिन तो बांधायचा आणि त्यात काय ओतायचं ते मी सांगायचे. त्यावरून आमची भांडणं व्हायची, आणि गिऱ्हाइकं कॉफीचे पेले घेऊन मधल्या दारात उभी राहून ती ऐकायची.

सप्टेंबरात एका मंगळवारी तो गॅरेजमध्ये उलट्या क्रेटवर बसल्या बसल्या गेला. हृदय बंद पडलं. मी आत गेले तेव्हा पेला हातात तसाच होता. मी काय केलं, तर आधी कॉम्प्रेसर बंद केला. मग त्याच्या हातातला पेला काढून विसळून ठेवला. मग झिसिसला फोन केला.

झिसिस म्हणजे आमच्या लग्नात अस्तेरिसच्या बाजूला उभा राहिलेला त्याचा जिवाभावाचा मित्र. तो आला आणि दारातच खाली बसून हंबरडा फोडून रडला. मी त्याला पाणी दिलं.

मला काही वाटत नव्हतं. लाजत नाही आणि मिरवतही नाही, जसं होतं तसं सांगते. मातीच्या दिवशी वाटलं नाही, नवव्या दिवशी वाटलं नाही. शेजारची रिगूला रोज यायची आणि माझ्या तोंडाकडे बघत बसायची. "रड गं बाई, एकदा रडून घे, नाहीतर आजारी पडशील," म्हणायची. मी म्हणायचे, "बरं." ती गेली की मी फळीवरचे डबे पुसायचे. पुसलेलेच पुन्हा पुसायचे.

चाळीस दिवसांचा विधी शनिवारी होता. त्याच शनिवारी दुपारी डोंगरावर शर्यतीची चाचणी आणि रविवारी शर्यत. तारखा अशा एकावर एक आल्या, त्याला कोण काय करणार. आमची मुलगी एवान्थिया शाळेत गणित शिकवते, एकोणतीस वर्षांची आहे, पाच वर्षं झिसिसच्या छोट्या गाडीतून चढाई करते. तिनं मला विचारलं नाही, सांगितलं, "आई, या वेळी बाबांची गाडी मी नेणार. त्यांचाच नंबर लावून."

मी म्हटलं, "बरं."

अस्तेरिसची गाडी पांढरी, जुनी, मागच्या चाकांवर चालणारी. तिचं इंजिन त्यानं गेल्या हिवाळ्यात पुन्हा बांधलं होतं. लोकांच्या गाडीत ऑइल बदललं की तो नंबर आणि तारीख लिहिलेलं कार्ड तारेनं इंजिनाला बांधायचा. न बांधता गाडी दाराबाहेर गेली तर मागे पळत जायचा. स्वतःच्या गाडीला मात्र कधी कार्ड बांधलं नाही. "माझ्या गाडीचं कार्ड स्तामातिया आहे," म्हणायचा. स्तामातिया मी.

तर गुरुवारी संध्याकाळी एवान्थिया दुकानात आली. हात काळे, केस वर बांधलेले.

"आई, बाबांच्या गाडीतलं जुनं ऑइल काढलं. आता कोणतं घालू?"

मी गल्ल्यामागे बसले होते. काही करत नव्हते. "वरच्या फळीवरचं," म्हटलं.

"हे? दहा-साठ?"

"हो, ते."

"बाबा हेच घालायचे?"

"घे म्हटलं ना."

ती सहा डबे घेऊन गेली. ती फळी माझ्या हाताशी होती, एवढंच. तो साठ नंबर, माझ्याकडचं सगळ्यात जाड ऑइल, मी सर्किटवाल्यांसाठी ठेवते. त्यांच्या गाड्या भर उन्हाळ्यात वीस-वीस फेऱ्या मारतात, इंजिन अर्धा-अर्धा तास तापलेलं राहतं, तिथे पातळ ऑइल पाण्यासारखं होतं. चढाईवाल्यांनाही हल्ली तेच हवं असतं. शर्यत मोठी तर ऑइल जाड, असा त्यांचा हिशेब. तो त्यांच्या डोक्यातून काढता काढता आम्ही दोघांनी हात टेकले होते.

आमची चढाई चार मिनिटांची. त्याआधी गाडी तास-तासभर रांगेत गार होत उभी असते. ऑक्टोबरात डोंगरावर आठ-नऊ अंश. चार मिनिटांत साठ नंबरचं ऑइल तापतच नाही, काकवीसारखं जाडच राहतं. आणि अस्तेरिसनं हे इंजिन घट्ट बांधलेलं. बेअरिंगमध्ये ऑइलला जायला केसाएवढीसुद्धा जागा नाही. त्याला पातळ, पाच-चाळीस लागतं, आणि तेही कोमट करून. शर्यतीच्या सकाळी मी अंथरुणातून उठले की माझ्या जागेवर तो ऑइलचे डबे निजवायचा आणि वर त्याची तपकिरी घोंगडी घालायचा. "तुझी जागा गरम असते," म्हणायचा. एकतीस वर्षांत माझ्या किती चादरी त्यानं खराब केल्या त्याची गणती नाही. मी शिव्या घालायचे, तो हसायचा.

म्हणजे मला सगळं माहीत होतं. माझं नाव मला माहीत आहे तितकंच माहीत होतं. पण गुरुवारी ते वर आलं नाही. पोरीनं विचारलं, मी हात वर करून फळी दाखवली.

शुक्रवारी रिगूला आणि मी कोलिवाचे, म्हणजे मेलेल्या माणसाच्या नावानं चर्चमध्ये वाटायच्या प्रसादाचे, गहू शिजवले. आमचं मोठं अ‍ॅल्युमिनियमचं भांडं, अर्धं चर्च जेवेल एवढं. गहू शिजवून, निथळून, कापडावर पसरून वाळवायचे, मग साखर, बदाम, डाळिंबाचे दाणे. ओले राहिले तर आंबतात, म्हणून मी दर थोड्या वेळानं हात फिरवून बघत होते. रिगूला म्हणाली, "तुझे हात तरी चालतायत, देवाची कृपा." भांड्याच्या तळाशी गहू चिकटले होते. ते घासायचं राहिलं, तसंच चुलीवर ठेवलं.

शनिवारी सकाळी आमचे पाद्री पापा-कोस्मास यांनी अस्तेरिसचं नाव घेतलं, सगळ्यांनी "त्याची आठवण चिरंतन राहो" म्हटलं, मीही म्हटलं. एवान्थिया काळा कोट घालून माझ्या शेजारी उभी होती. विधी आटोपताच तिनं माझ्या गालाचा मुका घेतला आणि डोंगराकडे निघाली. ट्रेलर आधीच वर नेऊन ठेवला होता. तीनला तिची पाळी.

आम्ही चर्चशेजारच्या खोलीत बसलो. कॉफी, ब्रँडी, टोस्ट. झिसिस माझ्या बाजूला येऊन बसला. तिसरी ब्रँडी झाली होती बहुतेक.

"वहिनी, एक सांगू? पोरगी त्याच्या वरचढ निघणार."

"बरं."

"बरं काय! काल गाडी चालू केली, ऑइलच्या दाबाचा काटा सरळ नवावर! अस्तेरिसच्या हातात सहाच्या वर कधी गेला नाही. त्या साठ नंबरनं कमाल केली. इंजिन नुसतं बैल झालंय, बैल!"

मी कप खाली ठेवला. "किती म्हणालास?"

"नऊ."

"इंजिन गरम झाल्यावर?"

"गरम कशाला करतोय? मिनिटभर चालवली आणि चढवली ट्रेलरवर. बॅटरी बघायला."

काटा नवावर म्हणजे ऑइल जात नाहीये. आत शिरायला जागा नाही म्हणून पंपाशीच तुंबतंय, आणि जास्तीचं झडपेतून परत खाली चेंबरमध्ये पडतंय. अस्तेरिस हे इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगायचा की मला तोंडपाठ होतं: दाब दिसतो म्हणून ऑइल पोचलं असं नसतं. मिनिटभर नुसती चालवली तर काही होत नाही. पण वर पोरगी ते इंजिन मिनिटाला आठ हजार फेऱ्यांपर्यंत ओढणार. बेअरिंग कोरडं पडणार, क्रँक जागच्या जागी आवळला जाणार आणि मागची चाकं धावता धावता जाम होणार. सातव्या वळणावर डाव्या हाताला दरी आहे आणि कठडा गुडघ्याएवढा.

मला भीती वाटली. पायांच्या तळव्यांपासून वर आली. चाळीस दिवसांत काहीतरी वाटलं ते हे.

"झिसिस, ऊठ."

"काय झालं?"

"पोरीला फोन लाव. इंजिनाला हात लावू नको म्हणावं."

"तिचा फोन माझ्या पिकअपमध्येच आहे, वहिनी. शर्यतीच्या दिवशी फोन जवळ ठेवायचा नाही, अस्तेरिसचाच कायदा ना." तो दुसऱ्या कुणाला तरी फोन लावायला लागला. लागत नव्हता. डोंगराच्या त्या कुशीत कधीच लागत नाही.

"ऊठ म्हटलं ना! आणि किल्ली माझ्याकडे दे, तू प्यायला आहेस."

"अगं पण झालं काय?"

"मी चुकीचं ऑइल दिलंय."

झिसिसनं माझ्याकडे असं बघितलं, जणू चर्चच्या खोलीत मी कपडे उतरवलेत. वोलोसमध्ये असं कुणी कधी ऐकलं नव्हतं.

दुकानातून पाच-चाळीसचे सहा डबे आणि नवा फिल्टर घेतला. वर घरात गेले. भांडं चुलीवर होतंच, गहू चिकटलेलं. त्यात पाणी ओतलं, गॅस मोठा केला आणि डबे आत उभे केले. एवढ्यात रिगूला उरलेलं कोलिवा घेऊन आली.

"अगं बाई! ते कोलिवाचं भांडं आहे!"

"असू दे."

"मेलेल्या माणसाच्या नावाचं शिजवलंय त्यात! पाप लागेल!"

"त्याच्याच नावाचं शिजवलं, त्याच्याच इंजिनाला जातंय. तुझ्या पोटात दुखायचं कारण नाही."

झिसिस दारात उभा राहून फिस्सकन हसला आणि लगेच तोंडावर हात ठेवला. रिगूलानं त्याच्याकडे असं पाहिलं की तो जिन्यात जाऊन उभा राहिला.

पाणी उकळू द्यायचं नसतं. हात बुडवून तीनपर्यंत मोजता आलं पाहिजे आणि चाराला काढून घ्यावासा वाटला पाहिजे, हे अस्तेरिसचं माप. मी हात बुडवला. एक, दोन, तीन. घाई करण्यात अर्थ नव्हता. वरचं पाणी तापतं आणि डब्यातलं ऑइल गारच राहतं. वीस मिनिटं मी तिथे उभी होते. रिगूला कोपऱ्यात छातीवर क्रूस काढत होती.

चार डबे तपकिरी घोंगडीत गुंडाळून झिसिसच्या मांडीवर दिले. दोन मी माझ्या कोटाच्या आत, पोटाशी धरले आणि पट्टा आवळला. पिकअप मी चालवली. झिसिस दर वळणावर "हळू, वहिनी" म्हणत होता. माणसानं आयुष्यभर शर्यती केल्या आणि माझ्या शेजारी बसून हँडल पकडलं. डबे पोटाला ऊब देत होते. तेवढंच मला जाणवत होतं, बाकी अंग माझं नव्हतं.

पोचलो तेव्हा सव्वादोन. सुरुवातीच्या रेषेखाली गाड्या ओळीनं उभ्या होत्या. एवान्थिया शर्यतीचे कपडे घालून पांढऱ्या गाडीत बसत होती.

"एवान्थिया! इंजिन चालू करू नकोस!"

ती बाहेर आली. "आई? तू इथे कशी? काय झालं?"

"ऑइल काढायचंय."

"काय? पाऊण तासात माझी पाळी आहे!"

"म्हणूनच. जॅक लाव."

"पण तूच तर दिलंस!"

"मी दिलं."

"मी विचारलं होतं तुला. बाबा हेच घालायचे का म्हणून विचारलं होतं!"

"विचारलं होतंस. मला माहीत होतं काय घालायचं ते. पण मला काही वाटत नव्हतं गं. कशाचंच. तू मेलीस तरी वाटेल की नाही कोण जाणे, असं झालं होतं. म्हणून हाताला आलं ते दिलं."

आजूबाजूचे लोक हातातली कामं सोडून बघायला लागले. आईनं लेकीला असं सांगू नये, मलाही कळतं. पण खोटं काय सांगणार?

एवान्थियानं हातमोजे काढले. "आणि आता?"

"आता भीती वाटतेय. जॅक लाव."

तिनं जॅक लावला. झिसिस विधीच्या काळ्या कपड्यांत, टाय वगैरे तसाच ठेवून, गाडीखाली सरकला आणि चेंबरचा नट काढला. गार साठ नंबर एका धारेनं सावकाश खाली उतरत होतं. सगळे वाकून बघत होते. दोन चढाईवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांच्याही गाडीत तेच होतं. त्यातला एक हळूच मला म्हणाला, "मामी, आमच्यात घातलंय ते चालेल ना?" मी म्हटलं, "तुझं इंजिन कोणी बांधलंय?" "अस्तेरिसमामांनी." "मग तूही काढ." त्यानं कपाळाला हात लावला.

अडीच झाले, पावणेतीन झाले, धार अजून बारीक चालूच. झिसिस खालून ओरडला, "वहिनी, आता थेंब राहिलेत." "थेंबसुद्धा नको," मी म्हटलं. फिल्टर बदलला. नट आवळला. मी कोट उघडून डबे काढले. एवान्थियानं एक हातात घेतला आणि दचकली.

"गरम आहे."

"कोमट. गरम नाही."

तिनं डबा गालाला लावला आणि मग उघडला. सहाही डबे तिनंच ओतले, मी नुसती बघत उभी होते.

इंजिन चालू केलं. काटा सातावर उडाला, थोडा खाली आला आणि सहावर थांबला. थोडा वेळ गेला, तरी सहाच. झिसिस टायनं डोळे पुसायला लागला. मला म्हणाला, "सहा, वहिनी. त्याचे सहा." मी म्हटलं, "दिसतंय मला."

ती वर गेली. दिसत काहीच नाही तिथून, नुसता आवाज येतो. पहिलं वळण, तिसरं, पाचवं. सातव्या वळणाला आवाज डोंगराआड जातो आणि तीन-चार सेकंद काहीच ऐकू येत नाही. ते तीन-चार सेकंद मी झिसिसचा हात धरला. मग वरून पुन्हा आवाज आला, स्वच्छ, चढता. लाउडस्पीकरवर वेळ सांगितली, चार मिनिटं आणि काहीतरी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला पुन्हा काही वाटेनासं झालं. घोंगडी घडी करून मी पिकअपमध्ये ठेवली.

संध्याकाळी गाडी गरम असतानाच एवान्थियानं ऑइल काढून पुन्हा डब्यांत भरलं. अस्तेरिस असंच करायचा. आदल्या दिवशीचं ऑइल घरी आणायचं, सकाळी कोमट करून पुन्हा ओतायचं. तिनं डबे जिन्यात ठेवले आणि म्हणाली, "भांड्यात करशील ना, आई? मी सहाला येते."

"बरं."

रविवारी सकाळी मी पाचला जागी झाले. भांडं घासून पालथं घातलेलं होतं. रिगूलानं रात्रीच नेऊन, घासून परत आणून ठेवलं असणार. मी त्याला हात लावला नाही. जिन्यातून डबे आणले आणि पलंगाशी उभी राहिले. माझी जागा अजून गरम होती. सहाही डबे मी तिथे ओळीनं निजवले, वर तपकिरी घोंगडी घातली आणि कडा आत खोचल्या.

मग मला बसायला जागा राहिली नाही. म्हणून मी पलीकडून फिरून गेले आणि त्याच्या बाजूला बसले. चाळीस दिवस मी तिकडे पायसुद्धा सरकवला नव्हता. चादर बर्फासारखी गार होती. एकतीस वर्षं हा माणूस दर शर्यतीच्या सकाळी माझी ऊब उचलून इंजिनाला द्यायचा आणि मी चादरीवरून भांडायचे. स्वतःची बाजू त्यानं कधी वापरली नाही, कारण तो माझ्याआधी तासभर उठलेला असायचा, गाडीशी. त्याची बाजू माझ्या जागेपणी कायम गारच होती. आणि मला वाटत होतं, ती आत्ता गार झालीय.

मी रडले. मोठ्यानं, तोंड उघडून, नाक पुसायची शुद्ध नव्हती. भिंतीपलीकडून रिगूलाचा आवाज आला, "देवा तुझे उपकार!" आणि मी रडता रडता तिला ओरडून सांगितलं की गप्प बस.

सहाला एवान्थिया आली. दारात उभी राहून तिनं पलंगाकडे बघितलं, घोंगडीखालचे सहा उंचवटे, आणि बाजूला मी.

"आई, झाले का कोमट?"

मी घोंगडीखाली हात घातला. "अजून दहा मिनिटं," म्हटलं. "बस इथे."

ती माझ्या शेजारी, त्याच्या बाजूला, बसली.